शॉकअप गेला खड्ड्यात

विरार पश्चिमेच्या बोळिंजमध्ये गाडीचे शॉकअप गेले, की ते मालकाला सगळ्यांत शेवटी कळतं. आधी मागच्या सीटवरच्या सासूबाईंना कळतं, मग डिकीतल्या अंड्यांना, मग शेजारी बसलेल्या बायकोला. मालक स्टिअरिंग घट्ट धरून बसलेला असतो, त्यामुळे त्याला निदान आधार तरी असतो. शिवाय त्याच्याजवळ वाक्य तयार असतं, "गाडी मस्त आहे, रस्ता खराब आहे."

या वाक्याला विरार पश्चिमेत तोड नाही. दुसऱ्या एखाद्या गावात गाडी खडखडली तर माणूस गाडीवर संशय घेतो. आमच्याकडे तो थेट रस्त्यावर घसरतो, आणि बऱ्याच वेळा त्याचं बरोबरही असतं, हीच तर पंचाईत आहे. गाडी उडाली की शॉकअप म्हणतो, रस्ता बघा. रस्ता म्हणतो, आधी तुमचे शॉकअप बघा. दोघं एकमेकांचे साक्षीदार, दोघं एकमेकांना निर्दोष सोडवतात, आणि शिक्षा मणक्यांना होते.

विरार स्टेशनवरून आगाशीकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात रोज बसणाऱ्या माणसाला डोळे मिटायला लावून विचारा, कुठे आलो? तो कंबरेवरून सांगेल. दोन आखूड दणके आणि एक लांब हिसका बसला की बोळिंज नाका जवळ आला, म्हणून तो सुट्टे पैसे काढायला लागतो. रिक्षावाल्याच्या शेजारी अर्ध्या मांडीवर बसलेल्या चौथ्याला तर खड्ड्याची खोलीही सांगता येते. ही विद्या कुठल्या शाळेत शिकवत नाहीत.

बाकी आमच्या रस्त्यावर खड्डे आहेत, असं सरसकट म्हणणं अन्यायाचं होईल. खड्डे पावसाळ्यात असतात. गणपतीच्या आधी त्यांत खडी आणि पेव्हर ब्लॉक पडतात, मग त्याच जागी उंचवटे असतात. दिवाळीपर्यंत खडी बाजूला सरकते आणि एकाच जागी खड्डाही मिळतो आणि उंचवटाही. याशिवाय गतिरोधक आहेतच. गतिरोधक कसा असावा, याचं माप इंडियन रोड्स काँग्रेसने ठरवून दिलेलं आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, आणि वरचा गोलावा १७ मीटर त्रिज्येचा. म्हणजे गाडीने अलगद चढावं, अलगद उतरावं. आमच्याकडच्या गतिरोधकांनी उंची मन लावून पाळली, किंबहुना वरचढ पाळली. काटकसर केली ती रुंदीत. काही गतिरोधक तर "उरलेल्या सिमेंटचं काय करायचं?" या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच जन्माला आलेले दिसतात. पिवळ्या-काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची जात वेगळी. त्यांतली पट्टी वर्षाच्या आत निघून जाते आणि बोल्ट मागे राहतात. ते बोल्ट गती रोखत नाहीत, टायर रोखतात.

प्रवासाचा विषय इथे जुनाच; जवळच सोपारा आहे. तिथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. हा लेख नेमका प्रवासावर आहे. आधीचे राजे शिकारीच्या सहलींना जात; अशोकाने त्या सोडून धर्मयात्रा सुरू केल्या, असं त्यात म्हटलं आहे. रस्ता कसा होता, रथाचं काय झालं, याबद्दल अवाक्षर नाही. मागे बसलेल्यांना विचारायची पद्धत तेव्हाही नसावी.

असो. प्रश्न उभा राहतो तो रविवारी सकाळी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. गाड्या धुतल्या जात असतात, बादल्या फिरत असतात, आणि कुणीतरी फडकं पिळता पिळता विचारतो, "माझे शॉकअप गेलेत म्हणे. तरी चालवली तर चालेल ना?" हा प्रश्न माहितीसाठी नसतो, परवानगीसाठी असतो. आणि परवानगी द्यायला आमची सोसायटी कधीच कमी पडत नाही.

बाजूच्या विंगमधले काका रेल्वेतून निवृत्त झालेले. ते म्हणतात, "अहो, आख्खी नोकरी विरार लोकलने केली. लोकलला कुठे असतात शॉकअप?" असतात, डब्याखाली स्प्रिंगाही असतात आणि डॅम्परही. पण काकांनी सकाळी ८च्या गर्दीत प्रवास केला, तेव्हा प्रवाशांनीच एकमेकांना इतकं दाबून धरलं होतं, की डॅम्परला करायला काही उरलं नसावं. सेक्रेटरी म्हणतात, "एवढा खर्च आत्ता कशाला? पावसाळा जाऊ दे." सेक्रेटरी सगळ्याच बाबतीत पावसाळा जाऊ दे म्हणतात, टेरेसच्या गळतीबाबतसुद्धा. दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा मोबाइल पुढे करून सांगतो, "अंकल, स्प्रिंगमध्ये रबरी बफर टाका. हजार-दीड हजारात काम." आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "आपल्याला काय रेसमध्ये जायचंय?"

या सगळ्यांचा समज एकच आहे, की शॉकअप ही चैन आहे. एसी, सीट कव्हर, डॅशबोर्डवरचं अत्तर आणि शॉकअप, अशी ती यादी. ज्याला सुख सोसत नाही त्याने शॉकअपशिवाय चालवावी, आणि आपण कोकणातली काटक माणसं.

गाडीचं वजन मुळात शॉकअप पेलत नाही. ते काम स्प्रिंगचं; टेम्पोला किंवा जुन्या जीपला असतात त्या पाट्यांचं. पण स्प्रिंगचा स्वभाव असा, की दाबली की उसळते, उसळली की पुन्हा दबते, आणि बारशाच्या पाळण्यासारखी बराच वेळ आपली हलत राहते. तिला आवरण्यासाठी शॉकअप लावलेला असतो. नळीत तेल, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक छिद्रं आणि वॉल्व्ह. चाक वरखाली झालं की पिस्टन सरकतो, तेलाला त्या छिद्रांतून अंग चोरून जावं लागतं, आणि उसळीतली सगळी ताकद तेल तापवण्यात खर्च होते. चांगला शॉकअप खराब रस्त्यावरून फिरून आला की हाताला गरम लागतो. जो हिसका आपल्या पाठीत यायचा तो तिथे जिरलेला असतो.

शॉकअप झिजला की सीलमधून तेल बाहेर येतं किंवा आतले वॉल्व्ह ढिले पडतात, आणि स्प्रिंग मोकाट सुटते. खड्ड्यातून बाहेर आलेलं चाक लगेच रस्त्यावर टेकत नाही. थुईथुई नाचत येतं, मध्ये मध्ये हवेत राहतं. आता हवेतल्या चाकाला ब्रेक लावला, तर चाक थांबतं, गाडी थांबत नाही. हवेतलं चाक स्टिअरिंगने वळवलं, तर चाक वळतं, गाडी सरळ जाते. गाडीत एबीएस असली तरी ती चाकाच्या फिरण्यावरून अंदाज बांधणार. चाकच रस्त्यावर नसेल तर ती तरी काय करील? "चालवली तर चालेल ना?" याचं उत्तर इथेच संपलं, आणि त्यात अजून कंबरेचा विषयसुद्धा निघालेला नाही.

नाक्यावरच्या गॅरेजात एकदा उभं राहून बघण्यासारखं दृश्य असतं. उस्ताद चाक काढतो, जॅकवर गाडी तिरकी उभी असते. आतला शॉकअप दिसतो तो निम्मा कोरडा, निम्मा तेलाने माखलेला, आणि त्या तेलावर आपल्या रस्त्याची धूळ बसून काळा लगदा झालेला. मालक म्हणतो, "पण आवाज कुठे येतोय?" उस्ताद काही बोलत नाही. तो जुना शॉकअप सोडवून फरशीवर उभा धरतो आणि तळव्याने दांडा दाबतो. दांडा काहीएक विरोध न करता सर्रकन आत जातो आणि तिथेच राहतो. मग तो खोक्यातून नवा काढतो. त्याचा दांडा दाबायला त्याला गुडघ्याचा जोर लावावा लागतो, आणि हात सोडल्यावर दांडा सावकाश, आपल्या मर्जीने, पूर्ण वर येतो. तेव्हा उस्ताद पहिल्यांदा तोंड उघडतो, "साब, ये तो कब का मर गया." मालक पडलेल्या चेहऱ्याने विचारतो, "एकच बदलला तर?"

दोन्ही बदलावे लागतात. एका अंगाला कडक शॉकअप आणि दुसऱ्या अंगाला मेलेला, अशी गाडी ब्रेक मारल्यावर कुठल्या बाजूला ओढेल हे तिचं तिलाच ठाऊक. पण मालकाचा हा "एकच" फार जुना आहे. डावीकडचा बघ, खड्डे डावीकडेच जास्त असतात, असंही तो सुचवून पाहतो. निरीक्षण खरं आहे. रस्त्याच्या कडेला पाणी साचतं, खड्डे तिथेच पडतात. तरीही जोडी ती जोडीच.

आवाजाचा मुद्दा मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. आपल्याकडे गाडीची दुरुस्ती कानाने होते. खडखड आली की गॅरेज, खडखड गेली की गाडी बरी. खडखड बहुतेक वेळा लिंक रॉडची असते, बुशची असते, बॉल जॉइंटची असते. शॉकअप पुष्कळदा गुपचूप जातो. तो रोज थोडा थोडा जातो आणि आपण रोज थोडे थोडे सवयीचे होतो. म्हणून तर मुंबईहून आलेला पाहुणा आपल्या गाडीत बसल्या बसल्या वरचं हॅण्डल पकडतो आणि आपल्याला वाटतं, बिचाऱ्याला सवय नाही. शिवाय ज्यांना आवाज ऐकू येतो, त्यांच्याकडे म्युझिक सिस्टीम असतेच.

रात्रीची गंमत वेगळी. शॉकअप गेलेल्या गाडीचे दिवे प्रत्येक उंचवट्यावर वरखाली होत राहतात. समोरून येणाऱ्याला वाटतं, हा डिपर देतोय. कुणी सौजन्याने थांबून वाट देतो, कुणी चिडून स्वतः डिपर मारतो, आणि आपल्या मालकाला कळत नाही की जग आज इतकं प्रेमळ किंवा इतकं तापट का झालंय. अरुंद रस्त्यावर अशा दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर त्यांचा संवाद बराच वेळ चालतो.

बोळिंजमध्ये यातलं काही फारसं टोचत नाही, कारण इथे काटा विसाच्या पुढे जायला जागाच नाही. विसाच्या वेगाला मेलेल्या शॉकअपचीही गाडी थांबते. खरी परीक्षा विरार फाट्यावरून हायवेला लागल्यावर होते. डहाणूच्या महालक्ष्मीला निघालेली गाडी बघा. आत पाच माणसं, मांडीवर सहावं, डिकीत बॅगा आणि परतताना घोलवडच्या चिकूची पेटी. मागे वजन, पुढे नाक वर. काटा ऐंशीवर. पुढचा टेम्पो काही न सांगता ब्रेक मारतो. आपण ब्रेक मारतो. गाडी नाकावर झुकते, सगळं वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होऊन भिरभिरतात, आणि जिथे थांबायला हवं होतं तिथून पुढे जाऊन गाडी थांबते. तो पुढचा तुकडा कधी दोन हातांचा असतो. टेम्पो मात्र दीड हातावर असतो. वरून पाऊस असला, तर आधीच नाचणारं चाक पाण्याच्या थरावर आणखी लवकर तरंगतं. लेन बदलताना गाडी आधी एकीकडे झुकते, मग दुसरीकडे, आणि शेजारून कंटेनर गेला की त्याच्या वाऱ्याने डोलते. मागून सासूबाई म्हणतात, "सावकाश." कंपनीच्या इंजिनीअरलाही यापेक्षा अचूक निदान करता आलं नसतं.

आता ते रबरी बफर. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये ते खोचले की गाडी बोटभर वर उठते, गतिरोधकाला पोट घासत नाही, मालक खूश. पण बफर स्प्रिंगला ताठ करतो, आवरत नाही. दुचाकीची कथा तीच. मागचे शॉकअप बसले म्हणून गॅरेजात नेली, की मेकॅनिक पान्याने खालची खाच दोन घरं फिरवतो, म्हणतो "टाइट केले", आणि पैसे घेतो. त्याने स्प्रिंग दाबली एवढंच. गेलेलं तेल गेलेलंच. त्यानंतर मागे बसणारी व्यक्ती जास्त उंच उडते. तिची तक्रार डॉक्टरकडे जाते, मेकॅनिककडे येत नाही.

कायद्यालाही हा विषय माहीत आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १९०. धोकादायक दोष असलेली गाडी, तो दोष ठाऊक असून किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता अशा स्थितीत, सार्वजनिक ठिकाणी चालवली तर गुन्हा. २०१९च्या दुरुस्तीनंतर दंड १,५०० रुपये. त्याच दुरुस्तीने १९८ए हे कलमही आलं: रस्त्याच्या सदोष कामामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर ते काम ज्यांच्याकडे होतं त्यांना १ लाखापर्यंत दंड. म्हणजे शॉकअपला एक कलम आणि रस्त्याला एक. पण शॉकअपसाठी पावती फाडलेली मी तरी पाहिली नाही. धुराची तपासणी ठरल्या मुदतीत होते. खासगी गाडीची फिटनेस तपासणी मात्र पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यावर. तोवर तपासणी अधिकारी आपणच. काच पुसून मागे "आई जीवदानीची कृपा" लिहून घेतो आणि निघतो. जीवदानी डोंगरावर बसून सगळं बघते हे खरं, पण चाकाखाली तेल गळतंय का ते वाकून आपणच बघायचं असतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे जीव गेला तर वारसांना ६ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. आदेश योग्यच आहे. पण तो पैसा वारसांना मिळतो, हे आदेशातलं बारीक कलम चालकांनी नीट वाचावं. शॉकअपची जोडी त्यापेक्षा बरीच स्वस्त पडते, आणि ती स्वतःला वापरता येते.

शॉकअपच्या धंद्याच्या इतिहासातली एक गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत क्लीव्हलंडला क्लॉड फॉस्टर नावाचा माणूस होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने इंजिनाच्या धुराच्या जोरावर वाजणारा मोटारीचा भोंगा काढला. बायबलातल्या तुतारीवाल्या देवदूतावरून नाव ठेवलं गॅब्रिएल हॉर्न. नंतर त्यानेच गाडीचे हिसके जिरवणारं यंत्र काढलं, आणि गॅब्रिएल हे नाव शॉकअपचं म्हणून जगभर गेलं. गॅब्रिएल इंडिया १९६१ मध्ये मुंबईत सुरू झाली. आज चाकणला आणि नाशिकच्या अंबडला तिचे कारखाने आहेत. म्हणजे शॉकअप काही सातासमुद्रापलीकडून येत नाही, आपल्याच राज्यात बनतो. फॉस्टर आधी भोंग्यावर थांबला होता, मग पुढे गेला. आमच्या भागातले बरेच जण अजून भोंग्यापाशीच आहेत. गाडीचं दुसरं काहीही चालो न चालो, हॉर्न चालला नाही तर गाडी जागची हलत नाही.

शॉकअप साधारण ८० हजार किलोमीटरनंतर तपासून घ्यावेत, असं जाणकार सांगतात. त्यांनी ते किलोमीटर कुठे मोजले, कुणास ठाऊक. स्टेशन ते आगाशी करणाऱ्याने निम्म्यावरच बघावं. बघायला गॅरेजही लागत नाही. येत्या रविवारी गाडी धुऊन झाली, की एकेका चाकाच्या वर बॉनेटचा किंवा डिकीचा कोपरा दोन्ही हातांनी जोर लावून दोन-तीनदा दाबा आणि सोडून द्या. गाडी एकदा वर येऊन जागेवर बसली तर ठीक. डुलत राहिली तर शॉकअप गेले. नुसत्या या परीक्षेवर विसंबू नका, कारण अर्धमेला शॉकअप तिच्यात पासही होतो. चाकाच्या आत वाकून तेलाचे ओघळ आहेत का बघा, आणि टायरवरून तळवा फिरवा. कुठे उंच, कुठे खोल असे डोंगर हाताला लागले, तर चाक रस्त्यावर नीट चालत नाही, नाचत आहे. काका काय म्हणतात ते ऐकू नका, सेक्रेटरींना विचारू नका. जोडीने बदला, पक्कं बिल घ्या, नंतर अलाइनमेंट करून घ्या. आणि पहिल्या दिवशी गाडी एकदम कडक लागली, तर उस्तादाशी भांडायला जाऊ नका. शोरूममधून आणली तेव्हा ती अशीच होती.